मराठी बायबल: कोणती प्रत घ्यावी, कशी तपासावी आणि कशी वाचावी

कोल्हापुरातल्या मराठी चर्चमध्ये रविवारी जे वाचलं जातं, ते बहुतेक ठिकाणी बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं ‘पवित्र शास्त्र’. घरोघरी असतं तेही हेच. लग्नात भेट मिळतं, दृढीकरणाला (चर्चचं पूर्ण सभासद होण्याच्या विधीला) मिळतं, आणि पुष्कळ घरांत कपाटातच राहतं. ज्यांनी हौसेनं वाचायला घेतलं त्यांतलेही बरेच जण निर्गमाच्या, म्हणजे दुसऱ्याच पुस्तकाच्या, उत्तरार्धात थांबतात. हे परीक्षण त्या प्रतीचं आहे: छपाई, बांधणी, भाषा, आणि मुख्य म्हणजे ती वापरायची कशी. मत आधीच सांगून टाकतो. मजकूर भरवशाचा आहे, मराठी भारदस्त आहे, रोजच्या वापराला बांधणी मात्र निवडून घ्यावी लागते. आणि वाचणारे अडतात ते कठीण शब्दांमुळे कमी, एकेक वचन सुटं उचलल्यामुळे आणि चुकीच्या जागी सुरुवात केल्यामुळे जास्त. छापील पानावरच मदतीची बरीच साधनं दिलेली असतात, ती कुणी दाखवून देत नाही.

घेताना

आवरणावर नुसतं ‘पवित्र शास्त्र’ लिहिलेलं असतं, त्यामुळे दोन वेगळी भाषांतरं बाहेरून सारखीच दिसतात. शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू बघा. तिथं आवृत्तीचं नाव बारीक अक्षरांत असतं. ‘आर. व्ही.’ आणि ‘री-एडिटेड’ असं दिसलं, तर ती चर्चमध्ये चालणारी सुधारलेली आवृत्ती. उपासनेत बरोबरीनं वाचायचं असेल तर हीच घ्या, नाहीतर पुढे एक वाचलं जातंय आणि हातात दुसरंच, असा गोंधळ होतो. या बायबलमध्ये जुन्या कराराची ३९ आणि नव्या कराराची २७ अशी ६६ पुस्तकं आहेत. कॅथलिक कुटुंबाला भेट द्यायची असेल तर आधी विचारा, कारण त्यांच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात. तोबित, यहूदीथ, मक्काबी वगैरे त्यांना लागणारा भाग ६६ च्या प्रतीत सापडणार नाही.

आता छपाई. बायबलचा कागद मुद्दाम पातळ असतो, नाहीतर ग्रंथ उचलवणार नाही. पण पातळ कागदावर मागच्या पानाची अक्षरं पुढे दिसतात. ट्यूबलाइटच्या उजेडात प्रत डोळ्यांपासून हातभर लांब धरा आणि एखादं जोडाक्षरांनी भरलेलं वचन वाचून बघा. ‘नीतिमत्त्व’ मधला ‘त्त्व’, ‘जखऱ्या’ मधला ‘ऱ्या’ स्वच्छ सुटा दिसला पाहिजे. प्रत्येक उताऱ्याच्या शीर्षकाखालची संदर्भांची ओळ तर त्याहून बारीक असते, ती वाचता येते का हे नक्की बघा, कारण पुढे सगळं काम तिच्यावरच आहे. खिशात मावणारी प्रत प्रवासाला बरी, अभ्यासाला नाही. चाळिशी ओलांडलेल्यांनी सरळ मोठ्या अक्षरांची प्रत घ्यावी. जड होते खरी, पण ती टेबलावर ठेवूनच वाचायची असते.

बांधणी शिवलेली की नुसती डिंकाची, हे कण्याच्या वरच्या टोकाकडे पाहिलं की कळतं. पानांचे घडी घातलेले गठ्ठे वेगवेगळे दिसले तर शिवलेली. सगळी पानं एकसंध सपाट चिकटवलेली दिसली तर डिंकाची. रोज उघडायच्या ग्रंथाला शिवणच हवी. डिंकाची बांधणी नेमकी स्तोत्रसंहितेपाशी, म्हणजे मधोमध, आधी सुटते, कारण प्रत तिथंच जास्त उघडली जाते. छापखान्यात एखादा फर्मा (एकत्र छापलेल्या पानांचा गठ्ठा) दोनदा लागणं किंवा गळणं होऊ शकतं. दुकानातच पानांचे आकडे दहा-बारा ठिकाणी चाळून बघा, नाहीतर दोन वर्षांनी यहेज्केलात शिरल्यावर कळतं की मधली सोळा पानं नाहीतच.

चेनवालं आवरण दिसायला सुरक्षित वाटतं, पण चेन ओढताना तिचे दात पानांच्या कडा धरतात आणि कोपरे फाटतात. साधं आवरण आणि वर कापडी पिशवी, हा उपाय टिकतो. नवी प्रत एकदम मधून उघडून दाबू नका. पुढून वीस-पंचवीस पानं, मग मागून तेवढीच, असं आलटून पालटून हलक्या हातानं दाबत मध्यापर्यंत या, म्हणजे कणा तडकत नाही.

कोल्हापूरचा पावसाळा पातळ कागदाचा शत्रू आहे. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात प्रत ठेवली तर पानांना ओल धरते, रेक्झिनला बुरशी येते, मग कसर लागते. आतल्या भिंतीकडचं कपाट, आठवड्यातून एकदा पानं मोकळी करून वारा देणं, एवढं पुरे. थेट उन्हात मात्र ठेवू नका, कागद पिवळा पडून कडक होतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत त्याचा डिंक कागदात उतरतो आणि अक्षरं खराब होतात. जुनी प्रत बाइंडरकडे दिलीत तर एक गोष्ट बजावून सांगा: कडा कापायच्या नाहीत. तीन बाजू सरळ करायच्या नादात मशीनवर कटिंग होतं, आणि कडेला संदर्भ छापलेले असतील तर तेच उडतात.

भाषा, आणि सोबतीला काय ठेवावं

बायबलच्या मराठीला मोठा इतिहास आहे. बंगालमधल्या सेरामपूरला मराठी नवा करार छापला गेला तो १८११ मध्ये. रॉयल वाइल्डर मिशनरी म्हणून कोल्हापुरात आले ते १८५२ साली, तोवर मराठी भाषांतराला चाळीस वर्षं होऊन गेली होती. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून स्वतंत्र भाषांतर केलं. चर्चमधल्या आजच्या आवृत्तीची भाषा ही अशी पिढ्यान्‌पिढ्या घासून आलेली आहे. मोठ्यानं वाचायला ती फार चांगली. वाक्याला तोल आहे, शब्दांना वजन आहे. स्तोत्रं पाठ करायची तर याच भाषेतून.

पण नव्या करारातल्या पौल प्रेषिताच्या पत्रांत हीच भाषा जड जाते. एकेक वाक्य चार-पाच वचनं चालतं, क्रियापद येईपर्यंत कर्ता विसरतो. तिथं सोबतीला सोपं भाषांतर हवं. बिब्लिकाची समकालीन आवृत्ती, ईझी टू रीड आवृत्ती आणि इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन, या तिन्ही मोबाइलवर वाचता येतात. आधी सोप्यातून अख्खं प्रकरण, मग लगेच पवित्र शास्त्रातून तेच प्रकरण, हा क्रम ठेवा. उलटा केला तर माणूस सोप्यावरच थांबतो आणि मूळ वाक्यातले ‘कारण’, ‘म्हणून’, ‘तरी’ हे सांधे निसटतात. सोपं करताना लांब वाक्य तोडावं लागतं आणि तोडताना नेमके हेच शब्द गळतात. पौलाचं म्हणणं तर या शब्दांवरच उभं असतं. रोमकरांस पत्राच्या १२ व्या अध्यायातलं पहिलं वचन आधीच्या अकरा अध्यायांचा निष्कर्ष म्हणून येतं. ते अकरा न वाचता बारावा वाचला, तर तो नुसता उपदेश वाटतो.

दोन भाषांतरं ताडताना एखादं वचनच गायब दिसलं तर घाबरू नका. प्रेषितांची कृत्ये ८:३७ (म्हणजे अध्याय ८, वचन ३७) किंवा मत्तय १७:२१ काही भाषांतरांत कंसात किंवा तळटीपेत जातं. जुन्यात जुन्या हस्तलिखितांत ते सापडत नाही, म्हणून. कुणी काढून टाकलेलं नसतं. मार्काच्या शुभवर्तमानाच्या (येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एकाच्या) शेवटी १६:९-२० पाशीही अशीच टीप बऱ्याच ठिकाणी दिसेल.

टीपांसहित अभ्यासाची बायबलं मिळतात, ती उपयोगी आहेत. पण ओळीच्या वर शास्त्र आणि ओळीच्या खाली कुणाचं तरी मत, हे भान ठेवूनच वाचा. नवख्या वाचकाची नजर आधी खाली जाते आणि मजकूर टीपेच्या चष्म्यातून वाचला जातो. पहिल्या वाचनात टीपांवर कागदाची पट्टी ठेवा.

सुरुवात कुठून

उत्पत्तीपासून सरळ शेवटपर्यंत, हा बेत बहुतेकांचा मोडतो, आणि कुठं मोडतो तेही ठरलेलं आहे. उत्पत्तीचे ५० अध्याय आणि निर्गमाचे पहिले २० गोष्टीसारखे पळतात. मग निर्गम २५ पासून निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात: किती हात लांब, किती कड्या, कोणतं लाकूड. ३५ ते ४० मध्ये तीच मापं पुन्हा येतात, कारण आधी आज्ञा आहे आणि नंतर ती पाळल्याची नोंद. त्यापुढे लेवीयात यज्ञांचे नियम, गणनेत शिरगणती. पहिल्या वाचनात इथं अडकायचं कारण नाही.

मार्कापासून सुरुवात करा. १६ अध्याय आहेत आणि मोठ्यानं वाचलं तर दीड-पावणेदोन तासांत संपतं. एका बैठकीत वाचा, तुकड्यांत नको. पहिल्या आठ अध्यायांत हा येशू कोण, हा प्रश्न तापत जातो, ८:२९ ला पेत्र हा शिष्य त्याचं उत्तर देतो, आणि लगेच ८:३१ पासून दुःखसहनाची भाषा सुरू होते. ही कलाटणी तुकड्यांत वाचणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. मार्कानंतर लूक आणि लगोलग प्रेषितांची कृत्ये. दोन्ही एकाच लेखकाची, दोन्ही थियफिल नावाच्या माणसाला उद्देशून लिहिलेली. मध्ये योहान छापलेलं असल्यामुळे हा सांधा तुटतो, तो स्वतः जोडून घ्यावा लागतो. मग उत्पत्ती, निर्गम १ ते २०, पहिलं आणि दुसरं शमुवेल. मग योहान. पत्रांत आधी फिलिप्पैकरांस, चारच अध्याय, त्यानंतर रोमकरांस.

दिवसाला किती? नव्या कराराचे अध्याय २६०. आठवड्याला पाच वाचले तर बरोबर ५२ आठवडे लागतात आणि चुकलेला दिवस भरून काढायला दोन दिवस हाताशी राहतात. नोकरी-शेती सांभाळून वाचणाऱ्याला पहिल्या वर्षासाठी हाच हिशेब झेपतो. सबंध बायबलचे अध्याय ११८९. त्यासाठी सोमवार ते शनिवार रोज तीन आणि रविवारी पाच, म्हणजे आठवड्याला २३. हे पहिल्याच वर्षी अंगावर घेऊ नका.

पेन्सिल आणि संदर्भ

पातळ कागदावर जेल पेन आणि ओला हायलायटर चालत नाही, शाई पलीकडे उतरते. एचबी किंवा टू-बी पेन्सिल, टोक फार तासलेलं नको. तेवढ्यावर काम भागतं.

पहिल्या वाचनात काहीच खुणा करू नका. दुसऱ्या वाचनात तीनच गोष्टी शोधा: बोलतंय कोण, कुणाशी, आणि याच्या आधी काय घडलं. बोलणाऱ्याच्या नावाखाली रेघ, ऐकणाऱ्याभोवती गोल, आणि ‘म्हणून’, ‘कारण’, ‘परंतु’ यांच्यापाशी छोटा बाण. न कळलेल्या जागी समासात प्रश्नचिन्ह काढा आणि पुढे जा. शब्द अडला म्हणून थांबलात तर प्रवाह तुटतो. वल्हांडण, सुंता, परूशी, कराराचा कोश, असे वीस-पंचवीस शब्द वहीच्या शेवटच्या पानावर अर्थासह लिहून ठेवले की वर्षभर पुरतात.

तिसऱ्या वाचनाला संदर्भ. शीर्षकाखाली कंसात दुसऱ्या शुभवर्तमानातले आकडे असतात. ते सजावटीसाठी नाहीत, तीच घटना तिथंही सांगितली आहे, जाऊन ताडा, असं ते सांगतात. दोन घरांचा दृष्टांत घ्या. मत्तय ७:२४-२७ मध्ये एक घर खडकावर, दुसरं वाळूवर. पाऊस, पूर आणि वारा, तिन्ही येतात. फरक आहे तो जागेचा. आता लूक ६:४७-४९ उघडा. इथं पहिला माणूस खोल खणतो, खडक लागेपर्यंत जातो आणि त्यावर पाया घालतो. दुसरा पायाच घालत नाही, नुसत्या मातीवर बांधतो. इथं नदीचा लोंढा आदळतो. फरक आहे तो मेहनतीचा. दोन्ही ठिकाणी ऐकणारे दोघंही ऐकतात, पण ऐकलेलं करतो एकच. एकच ठिकाण वाचणाऱ्याला खणण्याची ती मेहनत दिसतच नाही.

या दृष्टांतात कोल्हापूरच्या वाचकाची एका ठिकाणी फसगत होऊ शकते. आपला पूर पंचगंगेचा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ फुटाला धोका, पाणी चढताना तासातासाला आकडे कळतात, सामान हलवायला वेळ मिळतो. पॅलेस्टाइनमधले ओढे वर्षातला बराच काळ कोरडे असतात. सपाट, वाळूचं, घर बांधायला सोपं वाटणारं पात्र. हिवाळ्यात डोंगरावर पाऊस झाला की खाली लोंढा एकाएकी येतो. वाळूवर बांधणारा म्हणूनच वेडा ठरवलेला नाही, तो कोरड्या दिवसांवर भरवसा ठेवणारा आहे. ही पार्श्वभूमी कळली की ‘मूर्ख’ हा शब्द शिवी वाटत नाही, इशारा वाटतो.

पैशांचंही असंच. नाण्यांची नावं भाषांतरागणिक बदलतात, म्हणून रकमेचं प्रमाण लक्षात घ्या. मत्तय २०:२ वरून दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा पगार हे कळतं. एक तालांत म्हणजे ६००० दिनार. मत्तय १८ मध्ये राजा नोकराचं देणं माफ करतो ते १०,००० तालांत, म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी, कुणाच्याही हातून न फिटणारी. हाच नोकर सोबत्याला माफ करत नाही ते १०० दिनार, म्हणजे तीन-साडेतीन महिन्यांची मजुरी. ही रक्कमही काही किरकोळ नाही. क्षमा करायची ती खरोखरच्या नुकसानीची, हे त्या १०० दिनारांतून कळतं, आणि ते क्षुल्लक म्हणून उडवून लावणारी प्रवचनं दृष्टांताला हलकं करतात.

नावांचा घोळ

मराठी वाचकाला हा त्रास जास्त होतो, कारण इंग्रजीत वेगळी पडलेली नावं आपल्याकडे एकच राहिली आहेत. उत्पत्तीतला याकोब, जब्दीचा मुलगा याकोब आणि पत्र लिहिणारा याकोब हे तिघं वेगळे. यहूदा तर चार ठिकाणी येतो: याकोबाचा मुलगा, त्याच्यावरून वंश आणि दक्षिणेचं राज्य, यहूदा इस्कर्योत, आणि शेवटून दुसरं असलेलं एका अध्यायाचं पत्र. शौल म्हणजे पहिला राजा आणि पौलाचं आधीचं नावही. बाप्तिस्मा करणारा योहान आणि शुभवर्तमानाचा योहान वेगळे. हेरोद एक नाही: मत्तय २ मध्ये बालकांना मारणारा थोरला हेरोद, मार्क ६ मध्ये योहानाचा शिरच्छेद करवणारा त्याचा मुलगा अंतिपा, कृत्ये १२ मध्ये अग्रिप्पा पहिला, आणि कृत्ये २५-२६ मध्ये पौलाचं म्हणणं ऐकणारा अग्रिप्पा दुसरा. नाव आलं की आधी पुस्तक कोणतं आणि काळ कोणता, हे बघायची सवय लावून घ्या.

काळासाठी चार आकडे पाठ हवेत. शलमोनानंतर राज्य फुटलं: उत्तरेला इस्राएल, राजधानी शोमरोन; दक्षिणेला यहूदा, राजधानी यरुशलेम. उत्तरेचं राज्य अश्शूरनं (असिरियानं) इ.स.पू. ७२२ मध्ये बुडवलं. यरुशलेम बाबेलनं (बॅबिलोननं) इ.स.पू. ५८६ च्या सुमाराला पाडलं आणि लोकांना धरून नेलं. परतीची परवानगी इ.स.पू. ५३८. रोमी सैन्यानं मंदिर जाळलं इ.स. ७०. संदेष्ट्यांची (देवाचा निरोप सांगणाऱ्यांची) पुस्तकं काळाच्या क्रमानं छापलेली नाहीत. यशयापासून मोठी आधी, मग बारा लहान, आणि पौलाची पत्रंही मंडळ्यांना लिहिलेली व व्यक्तींना लिहिलेली अशा दोन गटांत साधारण लांबीप्रमाणे लावलेली आहेत. म्हणून आमोस वाचताना २ राजे १४, यिर्मया वाचताना २ राजे २२ ते २५, हाग्गय आणि जखऱ्या वाचताना एज्रा ५ शेजारी उघडं ठेवा. संदेष्टा कुणावर चिडलाय हे लगेच कळतं.

सुटं वचन

चर्चच्या कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या उद्घाटनाला ईयोब ८:७ हमखास दिसतं: आरंभ लहान असला तरी शेवट भरभराटीचा होईल. वचन गोड आहे. पण बोलतोय कोण? बिल्दद. ईयोबाची मुलं मेली आहेत, अंगभर फोड आहेत, आणि हा मित्र त्याला सांगतोय की तुझ्या मुलांनी पाप केलं म्हणून ती गेली, तू शुद्ध असशील तर देव तुझं भलं करील. पुस्तकाच्या शेवटी, ४२:७ मध्ये, हे मित्र माझ्याविषयी यथार्थ बोलले नाहीत, असं देवच सांगतो. म्हणजे जे बोलणं देवानं फेटाळलं, ते आपण देवाचं वचन म्हणून भिंतीवर लावतो. दुःखात असलेल्या घरात हे वचन पाठवलं जातं तेव्हा नेमकं बिल्ददाचंच काम होतं. ईयोब वाचताना प्रत्येक भाषणाच्या सुरुवातीला बोलणाऱ्याचं नाव गोल करा. अध्याय ३ ते ३७ मध्ये ही एक खूण नसेल तर सगळं उलटं वाचलं जातं.

यिर्मया २९:११ चंही तसंच. हितयोजनेचं आश्वासन खरं आहे, पण ते बाबेलात धरून नेलेल्यांना पाठवलेल्या पत्रातलं आहे, आणि आदल्याच वचनात सत्तर वर्षं असा आकडा आहे. त्याआधी ५ व्या वचनात सांगितलंय की तिथंच घरं बांधा, बागा लावा. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण परत येणार नव्हते. पुढच्या महिन्यातल्या मुलाखतीसाठी हे वचन पाठवण्याआधी ती सत्तर वर्षं डोळ्यांसमोर आणा. आश्वासन त्यामुळे कमी होत नाही, ते एका माणसाच्या हयातीपेक्षा लांब आहे एवढंच कळतं.

नियम साधा ठेवा: एक वचन उचलण्याआधी वरची दहा आणि खालची दहा वाचायची. अध्यायाच्या रेषेवर थांबायचं नाही. अध्याय तेराव्या शतकात पाडले गेले आणि नव्या कराराचे वचनांक १५५१ मध्ये आले, मूळ लिखाणात दोन्ही नव्हते. यशया ५३ मधला दुःख सोसणारा सेवक सगळ्यांना माहीत असतो, पण तो ५२:१३ लाच येतो. तिथून न वाचल्यानं त्याच्या गौरवाची पहिली तीन वचनं हुकतात.

नीतिसूत्रं आश्वासनांसारखी वाचू नका. ती अनुभवाची सूत्रं आहेत, हमी नव्हेत. २६:४ सांगतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, २६:५ सांगतं दे. दोन्ही खरी आहेत, कधी कोणतं हे ओळखण्यातच शहाणपण. स्तोत्रांत दुसरी ओळ बहुधा पहिलीचंच म्हणणं नव्या शब्दांत सांगते, तिथं दोन वेगळे सिद्धांत काढत बसू नये. प्रकटीकरण शेवटी, दानीएल ७, यहेज्केल १ आणि जखऱ्या वाचून झाल्यावर. पशू, शिंगं, घोडे ही चित्रं तिथून आलेली आहेत. आजच्या वर्तमानपत्रात त्यांचा अर्थ शोधण्याआधी अध्याय २ आणि ३ मधल्या सात मंडळ्यांना काय कळलं असेल ते विचारा.

मोबाइल

यूव्हर्जनचं बायबल अ‍ॅप फुकट आहे, जाहिराती नाहीत, मराठी भाषांतरं अनेक आहेत. वचनावर बोट ठेवून तुलना निवडली की ती एकाखाली एक दिसतात. हे काम छापील प्रतीला जमत नाही. रेंज नसलेल्या ठिकाणी वाचायचं तर आवृत्ती आधी डाउनलोड करा. सगळ्याच आवृत्त्यांना ती सोय नसते, नावापुढे खूण आहे का बघा. शोधताना मराठीची अडचण येते: ‘क्षमा’ टाकलं तर ‘क्षमेची’ येईलच असं नाही. शब्दाची दोन-तीन रूपं टाकून बघा, आणि जुन्या-नव्या भाषांतरांत शब्दच वेगळा असतो हेही धरा. अ‍ॅपचा मोठा तोटा म्हणजे रोजचं एक वचन. वर सांगितलेला सगळा सुटेपणा ते दररोज सकाळी हातात देतं. सूचना बंद करा.

ज्यांना बारीक वाचवत नाही त्यांच्यासाठी ऐकण्याची सोय आहे, पण ऐकताना पुस्तक समोर असलं तर जास्त लक्षात राहतं. इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जनचा मराठी मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर खुला आहे. त्यातून मार्काचं शुभवर्तमान १८ पॉइंट अक्षरात, एकाच स्तंभात, ओळींत भरपूर जागा सोडून ए-फोर कागदावर काढा. पन्नासेक पानं होतात. कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात दोन्ही बाजूंनी छापून स्पायरल करून मिळतं. कागद ८० जीएसएमचा सांगा, म्हणजे पलीकडची अक्षरं दिसत नाहीत आणि आजी-आजोबांना पेननंही खुणा करता येतात. परवान्याची आणि प्रकाशकाची ओळ पहिल्या पानावर छापणं बंधनकारक आहे, ती राहू देऊ नका.